डाव्या अंगाचा खळगा

निकितानं खळग्याच्या तळावर माऊस नेऊन टिचकी मारली, तळ भगवा झाला, मग तिनं डिलीट दाबलं आणि खळगा बुजला. एवढंच झालं. धूळ उडाली नाही, किस पडला नाही, कुणी ‘अरे अरे’ केलं नाही. आजूबाजूचं लोखंड, म्हणजे पडद्यावरचं लोखंड, राखाडी, गुळगुळीत, ज्याला वजन म्हणून नसतं ते, चारी बाजूंनी पुढं सरकलं, एकमेकांना भेटलं आणि आपण पहिल्यापासून इथंच होतो अशा चेहऱ्यानं गप्प बसलं. भागवत लगड तिच्या खुर्चीमागं चहाचा कागदी कप धरून उभा होता. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि तिथं पायरी नसावी, तसा तो पुढं झुकला. चहा थोडा सांडला. तो हातावर सांडला हे त्याला नंतर कळलं.

“थांब,” तो म्हणाला. “ते काढू नकोस.”

“का सर?”

“त्याला कारण आहे.”

“काय कारण?”

भागवतनं सांगायला तोंड उघडलं. तोंडात काही नव्हतं. त्यानं चहाचा घोट घेतला, म्हणजे तोंड उघडल्याला निदान काही निमित्त झालं. निकितानं त्याच्याकडं न बघता शेवटची कृती मागं घेतली आणि खळगा पुन्हा उघडला. कवचाच्या डाव्या अंगाला, वरच्या कडेच्या जरा खाली, बशीत बोटानं चटणी सारावी तसा लांबट, उथळ. तो तिथून भागवतकडं बघत होता. ओळख होती, पण कुठली, कधीची, ते दोघांपैकी कुणालाच सांगता येत नव्हतं.

वस्तू तशी साधी. कडबाकुट्टीच्या, म्हणजे वैरणीचे तुकडे करणाऱ्या यंत्राच्या, गिअरबॉक्सचं कवच. नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीतल्या वैजनाथशेठच्या कारखान्यात ही यंत्रं बनायची आणि जिल्हाभर जायची. कुठल्याही गोठ्यात शिरावं, म्हशीच्या शेजारी हिरव्या रंगाचं, तोंड वासलेलं, वैरणीनं माखलेलं ते उभं असायचं, आणि त्याच्या पोटाशी हे कवच. ते भागवतनं काढलं होतं; कॉम्प्युटरवर काढलेली कारखान्यातली पहिली वस्तू. तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते आणि कॉम्प्युटर असलेल्या खोलीत चपला काढून जावं लागायचं. इतकी वर्षं कवच बिडाचं होतं. आता शेठना ते ॲल्युमिनियमचं हवं होतं, हलकं आणि चकचकीत. त्यासाठी नवी डाय, म्हणजे ओतायचा साचा, करायची होती. डायवाला पुण्याचा. त्यानं आकार बघितला, सगळं छान म्हणाला आणि शेवटी फोनवर म्हणाला की, डाव्या अंगाचा तेवढा खळगा आडवा येतोय. साचा सरळ उघडायचा नाही, त्या एका खळग्यापायी बाजूनं सरकणारा तुकडा बसवावा लागेल, काम वाढेल. गरज नसेल तर काढून टाका ना. काढायला काय, एक टिचकी.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असं एका टिचकीनं काही होत नसे, हे भागवत स्वतःशी म्हणाला, आणि आपण आता चांगलेच म्हातारे झालो हे त्या वाक्यावरून त्याच्या लक्षात आलं. पण ते खरं होतं. जुन्यात पडद्याच्या डाव्या हाताला एक झाड असायचं. आधी चौकोन काढला, मग तो उंच केला, मग भोक पाडलं, मग कडा गोल केल्या, अशी प्रत्येक कृती एकाखाली एक लोंबत असायची, आणि प्रत्येकीला नाव देता यायचं. भागवत इंग्रजी अक्षरांत मराठी नावं द्यायचा. पेटी. कान. मोठं भोक. मोठ्या भोकाचा भाऊ. मागच्या एखाद्या कृतीत जाऊन आकडा बदलला की पुढचं सगळं निमूटपणे बदलायचं, आणि कधी कधी बदलायचं नाही, आणि मग सगळं झाड लाल व्हायचं. तरी कोण कुणाचा कोण हे कळायचं. ते सॉफ्टवेअर कारखान्यात बरीच वर्षं पाहुणा म्हणून राहिलं होतं, आणि पाहुण्याचं भाडं कुणी भरत नसतं. एके दिवशी वकिलाची नोटीस आली आणि वैजनाथशेठ रातोरात कायदाप्रिय झाले. नवं सॉफ्टवेअर आलं, रीतसर, पावतीसकट. जुन्या फायली त्यात आणल्या. आकार आले, झाडं आली नाहीत. प्रत्येक वस्तूसमोर एकच ओळ: आणलेली वस्तू. कुठून, कुणाची, कशी झाली, काही नाही. ह्याला निकिता मुका सॉलिड म्हणायची. “ह्यात मागचं बघत बसायचं नसतं सर,” तिनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. “वस्तूची प्रत्येक बाजू म्हणजे एक चेहरा. जो चेहरा पाहिजे तो पकडायचा आणि ओढायचा. बाकीचे आपापलं जुळवून घेतात.” भागवतला ते फार निर्लज्ज वाटलं होतं. मग त्यानं एक चेहरा ओढून बघितला. तो खरंच आला. बाकीच्यांनी खरंच जुळवून घेतलं. त्या दिवशी जेवण त्याला नीट गेलं नव्हतं.

आता प्रश्न खळग्याचा होता, आणि खरं म्हणजे खळग्याचा नव्हताच. भागवतचं निवृत्तीचं वय होऊन गेलं होतं. बरोबरीचे घरी बसून नातवंडांना शाळेत सोडत होते. शेठनी त्याला ठेवून घेतलं होतं ते एका वाक्यावर, आणि ते वाक्य शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत: “कशाला काय आहे, ते आमच्या लगडला माहीत.” कारखान्यात कुठंही अडलं की लोक म्हणत, लगडसरांना विचारा. हा बोल्ट उलटा का? लगडसर. ही जाडी इथंच का? लगडसर. विचारलं जाणं हेच त्याचं काम होतं. निकिता त्याच्यापेक्षा पटीनं भराभर काढायची, आकडे चुकायची नाही, आणि तिचा पगार त्याच्या निम्मा होता हे शेठना पाठ होतं. ज्या दिवशी लगडला माहीत नाही असं ठरेल, त्या दिवशी लगडची खुर्ची त्या खळग्यासारखी एका टिचकीची होईल. लोक चारी बाजूंनी थोडे पुढं सरकतील आणि खुर्ची होती हेही दिसणार नाही.

तेवढ्यात शेठ आलेच. वैजनाथशेठ मूळचे राहात्याचे, अंगानं भरलेले, आवाजानं त्याहून.

“काय लगड, डायवाला डोकं खातोय. तो खळगा काढायचा का ठेवायचा?”

“ठेवायचा.”

“का?”

“त्याला कारण आहे शेठ.”

“ते असणारच की! तुम्ही उगाच काही करत नाही. कोणतं?”

“जरा तपशिलाचं आहे. उद्या सांगतो.”

“उद्या सांगा, परवा सकाळी फाईल जाऊ दे. काय निकिता? अगं, लगडनी ठेवायचं म्हटलं म्हणजे बापानं म्हटलं असं समज.”

“हो सर,” निकिता म्हणाली, आणि खळग्याची रुंदी मोजून बाजूला लिहिली. बासष्ट मिलिमीटर. बासष्ट! भागवतला वाटलं होतं की आकडा दिसला की आठवेल. साठ असता तर आळस म्हटला असता, पासष्ट असता तर सोय. बासष्ट म्हणजे कुणीतरी विचार केला होता. तो कुणीतरी कोण होता, हे भागवतला चांगलंच माहीत होतं, आणि नेमका तोच बोलत नव्हता.

स्कूटरवरून सावेडीला घरी जाताना त्यानं त्या माणसाला पकडायचा प्रयत्न केला. केस असलेला, चपला काढून बसलेला तो. आणि नवल म्हणजे तो लगेच सापडला, राहात्यात, शेठच्या वडिलांच्या गोठ्यात. पेरूचा वास. पेरूच्या बागेतून आलं की कपड्यांना तो वास दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो, तसा तो वास त्याला पत्रकार चौकाच्या सिग्नलला, टेम्पोच्या धुरात, स्पष्ट आला. पहिलं यंत्र तिथं बसवलं होतं. कवच नव्या सिमेंटच्या खांबाला घासत होतं. शेठचे वडील खांबापाशी उभे, धोतराचा सोगा हातात. “खांब न्हाई तासायचा. खांब मी बांधलाय. मशीन तुमी बांधलंय, ते तासा.” आणि भागवतनं नगरला येऊन मशीन तासलं, म्हणजे कवचाला डाव्या अंगाला खळगा दिला, खांबाला जागा झाली. मग तोच साचा कायम झाला. म्हणजे इतकी वर्षं, काष्टीपासून राहात्यापर्यंत, गावोगावच्या गोठ्यांत जी यंत्रं उभी होती, ती सगळी एका म्हाताऱ्याच्या एका खांबापुढं किंचित अंग चोरून उभी होती. भागवत सिग्नलला एकटाच हसला. शेजारच्या मोटारसायकलवाल्यानं आपलं काही उघडं आहे का म्हणून खाली बघितलं. हे कारण उत्तम होतं. फक्त ते सांगण्यासारखं नव्हतं. शिवाय सिग्नल सुटला तेव्हा त्याला दिसलं की दार ह्या बाजूला, म्हशी त्या बाजूला, म्हणजे खांब यंत्राच्या उजव्या हाताला येतो. त्यानं गोठा मनात फिरवला. पडद्यावर वस्तू फिरवतात तसा, माऊसचं मधलं चाक दाबून. गोठा फिरला, खांब डावीकडं आला, पण म्हातारा आता भिंतीत उभा होता. आणि पेरूचा वास गेला होता. तो नक्की होता का? पेरूच्या दिवसांत ते गेले होते का? त्यानं स्कूटर बाजूला घेतली आणि उगाच टायर बघितला, कारण नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही.

मग दुसरा आला. छगन फिटर. छगन आता चाकणला मुलाकडं असतो, पण तेव्हा तो जुळणी करायचा आणि काही अडलं की खालूनच ओरडायचा. “ओ लगडसायब, पाना फिरना! पाना फिरायला जागा ठिवा की, का बोटानं आवळू?” हे वाक्य भागवतला जसंच्या तसं ऐकू आलं, छगनच्या तोंडातल्या तंबाखूसकट. पाना फिरायला खळगा. ह्याच्याइतकं साधं कारण जगात नसेल. असं कारण शेठना सांगितलं तर शेठ दुसरा प्रश्न विचारणार नाहीत. पण पाना फिरायला बोल्ट लागतो, आणि त्या अंगाला बोल्ट नाही. पूर्वी असेल. पूर्वी असून मग काढला असेल, आणि खळगा राहून गेला असेल. घर बदललं तरी जुन्या भिंतीवर तसबिरीचा चौकोन राहतो तसा. बोल्ट कुणी काढला? लगडनंच काढला असणार. का काढला? त्यालाही कारण असेल. भागवतला वाटलं, आपण एक भोक बुजवायला दुसरं पाडतोय. आणि ह्या सगळ्याच्या खाली, फार खाली, तिसरं काहीतरी होतं, ज्याच्याकडं तो बघत नव्हता: काहीच कारण नसेल तर? हात हलला असेल, चुकीची रेघ पकडली गेली असेल, ओतीव माल आला असेल आणि कुणीतरी विचारल्यावर तरण्या लगडनं चष्मा पुसत म्हटलं असेल, ‘त्याला कारण आहे.’ हे तो आज दुपारी जितक्या सहज म्हणाला, तितक्याच सहज. म्हणजे आयुष्यात आपण नक्की काय शिकलो, तर हे वाक्य?

घरी राजेश्वरीनं ताट वाढलं. भागवत भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून बघत राहिला.

“मीठ कमी आहे का?” तिनं विचारलं.

“असेल, त्याला काहीतरी...” तो म्हणाला आणि थांबला.

“त्याला काहीतरी काय?”

“नाही. बरोबर आहे.”

“तोंडात घातल्यावर सांगतात ते,” राजेश्वरी म्हणाली. ती शाळेत शिक्षिका होती, गणिताची, निवृत्त झाली तरी उत्तराच्या आधी रीत मागायची. भागवतला वाटलं हिला सांगावं. पण सांगायचं काय? की एक खळगा आहे आणि तो मला ओळख देत नाही? त्याऐवजी त्यानं काष्टीला मोठ्या भावाला फोन लावला. अजिनाथच्या गोठ्यात त्यांच्याच कारखान्याचं यंत्र होतं, अगदी सुरुवातीच्यांपैकी. भागवतनंच पाठवलेलं.

“दादा, आपल्या कडबाकुट्टीच्या गिअरबॉक्सला डाव्या अंगाला खळगा हाय का बघ बरं.” काष्टीला फोन लावला की भागवतची जीभ आपोआप चपला काढायची.

“आता? वैरण टाकायची येळ हाय, अन् तू मला खळगं हुडकाया लावतो व्हय? तुमच्या कारखान्यात मशिनी संपल्या का?”

“बघ की. लई अडलंय.”

“तुझी नोकरी त्या खळग्यात पडलीया काय रं?” अजिनाथ हसला. भागवत हसला नाही, तसा अजिनाथही थांबला. “बरं थांब. अगं ए, ह्यो भागवत काय म्हनतोय बघ. मला न्हाई ठावं, मशीन हीच चालवती.”

फोन गोजरबाईच्या हातात गेला. मागं मशीन घरघरत होतं, ते तिनं बंद केलं असावं, कारण एकदम म्हशीचं रवंथसुद्धा ऐकू यायला लागलं.

“बोला भावजी.”

“वहिनी, तिथं डाव्या बाजूला एक खळगा आहे का, लांबट?”

“हाय की. बोटं घालायला केलाय न्हवं का तुमी?”

“बोटं?”

“आता गं बया! डावा हात हितं धरायचा, उजव्यानं वैरन सारायची. डावा हात हितं गुतून ऱ्हायला म्हंजी मशिनीच्या तोंडाकडं जातच न्हाई. आमच्या शेजारच्या बनुबाईचं बोट गेलं न्हवं का, त्याच साली तुमी हे मशीन धाडलं. मी तवापासनं समद्यास्नी सांगती, आमच्या भावजींनी माझ्या हातासाठी जागा केलीया.”

भागवतनं फोन दुसऱ्या कानाला लावला. “मी... मी तसं सांगितलं होतं का वहिनी?”

“सांगाया कशाला लागतंय? हात ठिवला की कळतंय. गुळगुळीत झालाय निस्ता, आरशावानी. का हो, काढताय का काय?”

“नाही नाही.”

“काढू नका बरं भावजी. लई हाताखालचं हाय.”

फोन ठेवला आणि भागवत गॅलरीत उभा राहिला. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी मालिका बघत होतं, भिंतीवर निळा उजेड हलत होता. बनुबाई त्याला दिसली. साडीच्या पदरात हात गुंडाळून टेम्पोत बसलेली, ओठ आवळलेले, कुणी काही विचारलं तर ‘काई न्हाई, काई न्हाई’ म्हणणारी. तो त्या दिवशी काष्टीत होता. होता ना? टेम्पोमागं तो फाट्यापर्यंत गेला होता. का हे अजिनाथनं सांगितलं होतं आणि फाट्यापर्यंत अजिनाथ गेला होता? पण पदरावरचा लाल डाग पिवळ्या साडीवर होता, हे अजिनाथ सांगणारा माणूस नव्हे. म्हणजे भागवत होता. होता आणि मग त्यानं नगरला येऊन खळगा केला. असं असेल तर लगड हा किती चांगला माणूस होता! भागवतला एकदम त्या तरण्या लगडबद्दल माया वाटली, थोडा हेवाही. आणि लगेच संशय. इतकं चांगलं कारण आपल्यालाच कसं आठवलं नाही? खांबाचा म्हातारा आठवला, छगनची तंबाखू आठवली, आणि हे नाही? का हे आत्ता आत भरत होतं? गोजरबाईचं एक वाक्य आत आलं आणि आजूबाजूची वर्षं चारी बाजूंनी थोडी पुढं सरकली, एकमेकांना भेटली? बघायला गेलं तर सांधा कुठंच दिसत नव्हता. त्या सॉफ्टवेअरचा तोच तर गुण होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेठना सांगितलं. सांगताना आवाज अजिबात कापला नाही. बाईमाणसाला डावा हात धरायला. हात तिथं राहिला म्हणजे तोंडाकडं जात नाही. शेठ खुर्चीतून उठले.

“आणि हे तुम्ही इतकी वर्षं पोटात ठेवलं? अहो लगड, ही सेफ्टी आहे सेफ्टी! लोक ह्याच्या जाहिराती करतात आणि आपण खळगा बुजवायला निघालो होतो! निकिता, ऐकलंस का? सरकता तुकडा बसवू दे डायवाल्याला. वर बाण काढा, हात इथं ठेवा. माप कुणाच्या हाताचं आहे हो?”

“घरच्यांच्या,” भागवत म्हणाला.

तो शब्द कुठून आला हे त्याला कळलं नाही. कुणी ओढला आणि आला. आणि त्याच्यामागून बाकीचं सगळं आपणहून आलं: ट्रेसिंगचा पातळ कागद, त्यावर राजेश्वरीचा हात, हिरव्या काचेच्या बांगड्या कागदावर टेकल्याचा आवाज, बोटांभोवती फिरणारी पेन्सिल, तिला होणाऱ्या गुदगुल्या. भागवत शेठच्या केबिनमध्ये उभा राहून हे बघत होता. सुंदर होतं. त्याला एवढंच कळत नव्हतं की हे आठवतंय का होतंय.

“वा! वहिनींचा हात घरोघरी!” शेठ म्हणाले. “आता काय, अजून पाच वर्षं तुम्हाला सोडत नाही मी.”

बाहेर आल्यावर निकिता तिच्या जागी बसली, खळग्याभोवती वस्तू एकदा फिरवली आणि म्हणाली, “सर, एक सांगू? काल मला वाटलं तुम्हाला आठवतच नाहीये.”

“आठवायला वेळ लागतो ह्या वयात. आठवतं मात्र.”

“मी घाबरले होते. म्हटलं, सरांनाच आठवत नसेल तर मग आम्ही विचारायचं कुणाला.” ती हसली. “बासष्टच ठेवते मग. सकाळी पाठवते.”

संध्याकाळी भागवत घरी आला तेव्हा राजेश्वरी ओट्याशी कणीक मळत होती. त्यानं पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं.

“मी कधी तुझ्या हाताचं माप घेतलं होतं का गं? कागदावर, पेन्सिलीनं?”

“तुम्ही? लग्नापासून माझ्या मापाची एक बांगडी आणता आली नाही तुम्हाला.”

“पूर्वी. अगदी पूर्वी. ट्रेसिंग पेपरवर. तुला गुदगुल्या झाल्या होत्या.”

राजेश्वरीनं मळणं थांबवलं आणि त्याच्याकडं नीट बघितलं, फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलेल्या मुलाकडं बघावं तसं, म्हणजे रागानं नव्हे, चूक कोणत्या पायरीला झाली ते शोधत. “काय झालंय?”

तेव्हा त्यानं सांगितलं. खळगा, डायवाला, शेठ, गोजरबाई, घरच्यांचा हात. सांगताना ते अगदीच फुटकळ वाटत होतं. पाच-सहा वाक्यांत संपलं.

“म्हणजे माझ्या हाताच्या मापाची मशिनं गावोगाव आहेत.”

“शेठना तसं सांगितलंय.”

“किती माप?”

“बासष्ट मिलिमीटर.”

“काढा इथं,” ती म्हणाली आणि ओट्यावरचं पीठ एका बाजूला सारलं. भागवतनं दप्तरातली पट्टी आणली आणि काळ्या दगडावर, उरलेल्या पिठात, बोटानं दोन रेघा ओढल्या. राजेश्वरीनं डाव्या हाताची चार बोटं त्या दोन रेघांमध्ये ठेवली. तीन बसली. करंगळी रेघेबाहेर होती.

“जरा आवळून बघ.”

“किती आवळू? आत हाडं आहेत.”

भागवत वाकून बघत राहिला. म्हणजे खळगा हातासाठी नव्हता. निदान ह्या हातासाठी नव्हता, आणि राजेश्वरीचा हात काही मोठा नाही, खडू धरून आयुष्य गेलेला हात. मग खांबच असेल. नाहीतर पाना. नाहीतर काहीच नाही. त्याला वाटलं होतं की खोटं उघडं पडलं की जीव घाबरेल, पण तसं झालं नाही. तो त्या बाहेर राहिलेल्या करंगळीकडं बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांपुढं यंत्राची डावी बाजू यायला लागली. झाड नसलेली, इतिहास नसलेली, नुसती बाजू. खळग्याच्या पलीकडं काय आहे? पट्टा आहे. मोटरचा पट्टा, वर जाणारा. त्यावर जाळी असते, आणि गोठ्यात गेल्यावर पहिल्या महिन्यात लोक जाळी काढून ठेवतात, वैरण अडकते म्हणून. ह्याला काही आठवावं लागत नव्हतं, हे त्यानं पन्नास गोठ्यांत बघितलं होतं. गोजरबाईचा हात राजेश्वरीपेक्षा रुंद होता. खुरप्याचा, धारांचा हात. मग तिची करंगळी इतकी वर्षं कुठं राहत होती? आणि आता शेठ त्यावर बाण काढणार होते. हात इथं ठेवा.

त्यानं निकिताला फोन लावला.

“फाईल गेली?”

“नाही सर, सकाळी पाठवणार ना.”

“पाठवू नकोस. खळगा कमी आहे. करंगळी पट्ट्याच्या बाजूला बाहेर राहते.”

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. ती संपेपर्यंत निकिता थांबली. “पण सर, माप तर घरच्या हाताचं होतं.”

“नव्हतं. कुणाच्याच हाताचं नव्हतं. तो खळगा मी कशासाठी केला, मला आठवत नाही.”

“म्हणजे अजिबात?”

“तीन-चार आठवतात. त्यातलं खरं कोणतं ते कळत नाही.”

पलीकडं तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला. भागवतला वाटलं, झालं. ओट्याशी उभ्या उभ्या आपली खुर्ची गेली. “शेठना काय सांगायचं?” तिनं विचारलं.

“मी सांगतो सकाळी. हेच सांगणार.”

“ते तुम्हाला...”

“हो. माहीत आहे.”

“बरं,” निकिता म्हणाली. आणि मग, कामाच्या आवाजात, “खळग्याचा तो चेहरा मी ओढते सर. पट्ट्यापासून लांब, तोंडाकडं न जाता. कितीपर्यंत ओढू?”

भागवतनं ओट्याकडं बघितलं. “आत्ता नाही सांगता येत. सकाळी शेठना भेटतो आणि तसाच काष्टीला जातो. वहिनीचा हात मोजावा लागेल, आणि बनुबाईचाही, ती मोजू देईल तर. दोन दिवस थांबव डायवाल्याला. काही कारण सांग.”

“कोणतं सांगू?”

“मोजलं नाही म्हणून सांग.”

त्यानं फोन ठेवला. राजेश्वरीचा हात अजून त्या दोन रेघांवर होता, नखांवरची कणीक वाळून पांढरी पडत चालली होती. मनगटात एकच बांगडी, काचेची नव्हे, आणि हिरवीही नव्हे. भागवतनं पट्टी उचलली आणि पहिल्या बोटाच्या कडेला शून्य लावलं.

“झालं का? काढू हात?” तिनं विचारलं.

“ठेव जरा,” तो म्हणाला.